आठ इंची टाचेचे बूट: आकडा नाही, उतार बघा

तुमचा प्रश्न वाचला. दोन महिन्यांनी मुंबईत दोन दिवसांचा कॉस्प्लेचा, म्हणजे पात्रांचे वेश करून येण्याचा, कार्यक्रम आहे, वेश स्वतः रचलेल्या असुरराणीचा, तुमची उंची पाच फूट एक इंच, पाय यूके चार नंबरचा आणि सवय जास्तीत जास्त तीन इंची सँडलची. समोर तीन पर्याय आहेत: आठ इंच टाच आणि पुढे चवड्याखाली चार इंची प्लॅटफॉर्म, म्हणजे जाड तळ, असलेले गुडघ्यापर्यंतचे बूट, प्लॅटफॉर्म नसलेले सात इंची बॅले बूट, आणि टाचच नसलेले खुरांच्या आकाराचे बूट. यातले कोणते आरामात घालता येतील, विक्रेता म्हणतो तसे एक नंबर मोठे घ्यावेत का, जेलच्या गाद्या टाकल्या की भागेल का, आणि एका मैत्रिणीने वापरलेले बूट स्वस्तात देऊ केलेत ते घ्यावेत का, असं तुम्ही विचारलंय.

मी नाटक, नृत्य आणि फॅशन शोसाठी पादत्राणं करून घेते आणि कलाकारांच्या पायात ती बसवून देते. असे बूट घालणारी माणसं रोज बघते, त्यामुळे आधी एक सांगते. आठ इंच हा आकडा ऐकून तुम्ही घाबरला आहात, पण पायाला तो आकडा कळत नाही. पायाला कळतो तो उतार, म्हणजे चवड्यापेक्षा टाच किती वर आहे ते. त्यानंतर येतो तो खालचा पाया किती रुंद आहे हा प्रश्न आणि बूट पायाला किती घट्ट धरतो हा. या तीन गोष्टी पाहिल्या की तुमच्या तीन पर्यायांमधली निवड जवळजवळ आपोआप होते.

उताराचा हिशोब साधा आहे. टाचेच्या उंचीतून प्लॅटफॉर्मची उंची वजा करा. आठातून चार गेले, राहिले चार. म्हणजे हे बूट घालून तुम्ही जमिनीपासून उंच असाल, पण तुमचा पाय मात्र चार इंची सँडलमध्ये असल्यासारखाच वाकलेला असेल. स्टेज आणि पोल डान्सवाल्यांमध्ये चालणाऱ्या प्लीझर या अमेरिकन कंपनीच्या मापांवरून हे नीट कळतं. त्यांच्या ‘अ‍ॅडोर’ मालिकेत टाच सात इंच, प्लॅटफॉर्म पावणेतीन, म्हणजे उतार सव्वाचार. ‘फ्लेमिंगो’त आठ आणि चार, उतार चार. ‘बियाँड’मध्ये टाच चक्क दहा इंच, पण प्लॅटफॉर्म सव्वासहा, म्हणजे उतार पावणेचार. दहा इंची बुटात पाय सात इंचीपेक्षा कमी वाकतो. नवख्या मुली सात इंची ‘सोपा’ म्हणून घेतात आणि चवडा दुखतो म्हणून परत येतात, त्याचं कारण हेच.

आता तुमच्या बाबतीतलं ‘पण’. हाच चार इंचांचा उतार नऊ नंबरच्या पायाला सौम्य असतो आणि चार नंबरच्या पायाला बराच चढा, कारण टाचेपासून चवड्यापर्यंतचं अंतर तुमच्या पायात कमी आहे. म्हणून इंटरनेटवर कुणी उंच मुलगी त्यात नाचताना दिसली तर तिचा अनुभव तुम्हाला जसाच्या तसा लागू होणार नाही. स्वतःची मर्यादा घरी मोजा. भिंतीला बोटं टेकवून अनवाणी उभ्या राहा, गुडघे सरळ ठेवून चवड्यांवर चढा आणि पोटरी न थरथरता अर्धा मिनिट टिकेल तिथे थांबा. कुणाला तरी जमिनीपासून टाचेपर्यंतचं अंतर पट्टीने मोजायला सांगा. मी कलाकारांना त्या मापापेक्षा निदान एक इंच कमी उताराचा बूट देते. तुमचं माप पाच इंच आलं तर चारचा उतार चालेल. चारच आलं तर तीनचा उतार शोधा, म्हणजे चार इंची प्लॅटफॉर्मवर टाच सात इंचांची असलेला बूट. त्यात तुमच्या राणीचा रुबाब कमी होत नाही, कारण बघणाऱ्याला एकूण उंची दिसते, उतार नाही.

मग सगळ्यांनी जाड प्लॅटफॉर्मच का घेऊ नये? कारण उंचीची किंमत दुसरीकडे मोजावी लागते. घोट्यातलं जे हाड नडगीच्या खोबणीत बसतं ते पुढच्या बाजूला रुंद आणि मागच्या बाजूला अरुंद असतं. पाय सपाट असताना रुंद भाग खोबणीत घट्ट बसतो. टाच उचलली की अरुंद भाग आत येतो आणि सांधा सैल पडतो. त्या स्थितीत पाय बाहेरच्या कडेवर कलंडला की घोट्याच्या बाहेरच्या अंगाचा स्नायुबंध ताणला जातो किंवा फाटतो. खाली चार इंचांचा ठोकळा असेल तर कलंडण्याचा जोर आणखी वाढतो. शिवाय वजन आहेच. गुडघ्यापर्यंतचा असा एक बूट किलोच्या आसपास भरतो आणि प्रत्येक पावलाला ते वजन मांडीला उचलावं लागतं. म्हणून दिवसभर फिरायचं असेल तर चार इंचांच्या प्लॅटफॉर्मच्या पलीकडे मी नवख्या माणसाला सहसा पाठवत नाही. जागेवर उभं राहून फोटो काढायचे असतील तर गोष्ट वेगळी.

टाचेची जाडी हा यातला सगळ्यात स्वस्त उपाय आहे. सुईसारख्या टाचेचं टोक जेमतेम एक सेंटिमीटरचं असतं. ते फरशीच्या सांध्यात, गटाराच्या जाळीत, पेव्हर ब्लॉकच्या फटीत अडकतं, आणि प्रदर्शनाच्या हॉलमध्ये अंथरलेल्या जाड कार्पेटमध्ये रुतून डुगडुगतं. तोच बूट रुंद ठोकळ्याच्या टाचेत मिळत असेल तर तो घ्या. असुरराणीला ठोकळ्याची टाच अधिकच शोभेल, असं माझं प्रामाणिक मत आहे.

बॅले बुटांबद्दल स्पष्ट सांगते: नको. सात इंच टाच आणि प्लॅटफॉर्म शून्य, म्हणजे उतार पुरा सात इंचांचा; तुमच्या चार नंबरच्या पायात त्याने पाऊल जवळजवळ उभं होतं आणि सगळं वजन बोटांच्या टोकांवर येतं. बॅले नर्तिका टोकावर उभ्या राहतात ते अनेक वर्षांच्या तयारीनंतर, आणि त्यांच्या पॉइंट शूजमध्ये बोटांना चारी बाजूंनी कवटाळणारी कडक पेटी असते. शोभेच्या बॅले बुटात तशी पेटी नसते, नुसता टोकदार साचा असतो. हे बूट बसून किंवा पहुडून फोटो काढण्यासाठी आहेत. विकत घ्यायचेच असतील तर तेवढ्यासाठी घ्या आणि त्यांत पाऊल टाकायचं नाही असं ठरवून घ्या.

खुरांचे बूट मात्र वाटतात तितके अशक्य नाहीत. जपानी डिझायनर नोरिताका तातेहाना याने बिनटाचेचे उंच बूट लोकप्रिय केले, लेडी गागाने ते घातले आणि जगभर त्यांच्या नकला निघाल्या. जुन्या जपानमधल्या ओइरान गणिका ज्या उंच लाकडी गेता घालत, त्यांवरून त्याला ही कल्पना सुचली. टाच नसूनही माणूस मागे पडत नाही, कारण चवड्याखालचा ठोकळा मागे पुरेसा लांबवलेला असतो आणि शरीराचं वजन त्याच्या आतच पडतं. घेताना हेच तपासायचं. बूट बाजूने बघा: ठोकळ्याची मागची कड तळव्याच्या मध्यापर्यंत तरी यायला हवी. तरीही पोटरीला क्षणाचीही उसंत मिळत नाही, उभं राहणं चालण्यापेक्षा कठीण जातं आणि रांगेत उभं राहणं तर फारच. दोन महिन्यांत तयारी होईल, पण दोन्ही दिवस नाही. एका दिवसाच्या स्पर्धेपुरते म्हणाल तर विचार करता येईल.

म्हणजे पहिला पर्याय. आता नंबराचा प्रश्न. ‘बूट आहे, एक नंबर मोठा घ्या’ हा सल्ला ट्रेकिंगच्या बुटांना ठीक आहे, इथे उलटा पडतो. यूकेचा एक नंबर म्हणजे सुमारे साडेआठ मिलिमीटर. उतारावर पाय सतत पुढे घसरू पाहतो, आणि एवढी मोकळी जागा मिळाली की घसरतोच. मग बोटं टोकाला चेंगरतात, टाच मागे उचलली जाते, आणि मोठा बूट घेऊनही बोटंच दुखतात. बूट आपल्याच नंबराचा हवा आणि त्याने पाय चवड्याच्या वरच्या अंगाला, जिथे बुटाची लेस बांधतो तिथे, घट्ट धरायला हवा. म्हणून नुसत्या चेनच्या बुटापेक्षा पुढे खरी लेस आणि बाजूला चेन असा बूट घ्या. लेस दिसायला खरी आणि आत शिवून टाकलेली असं बऱ्याच स्वस्त बुटांत असतं, ते ओढून बघा. पायाचं माप संध्याकाळी, उभं राहून, दोन्ही पायांचं घ्या आणि मोठ्या पायाला बूट बसवा. परदेशी कंपनीचा बूट असेल तर अमेरिकी नंबर यूकेपेक्षा दोन-तीन आकड्यांनी मोठा दिसतो, तेव्हा त्यांचा तक्ता सेंटिमीटरमध्ये बघा.

आणि पोटरी मोजायला विसरू नका. बरेच उंच बूट परत जातात ते पायामुळे नाही, पोटरीवर चेन चढत नाही म्हणून. टेप पोटरीच्या सगळ्यात जाड भागावर लावा, पण चवड्यांवर उभं राहून. टाच उचलली की पोटरीचा स्नायू आखडून फुगतो, आणि बुटात तुम्ही त्याच स्थितीत असणार आहात. खुर्चीवर बसून घेतलेल्या मापावर बूट मागवला तर पहिल्या तासात चेनचे दात उघडतात.

बूट हातात आला की पायात घालण्याआधी टेबलावर ठेवा. मागून बघा: दोन्ही टाचा सरळ खाली उतरायला हव्यात, आत-बाहेर कललेल्या नकोत. मग बुटात हात घालून टाचेची जागा अंगठ्याने जोरात दाबा. टाच मागे सरकली किंवा पुढचा भाग उचलला गेला तर बूट परत करा. टाच आणि चवड्याच्या मधल्या कमानीत एक पोलादी पट्टी असते, कारखान्यात तिला शँक म्हणतात. ती कच्ची किंवा आखूड असेल तर वजन पडल्यावर कमान वाकते आणि टाच मागे पळते. दोन्ही हातांनी कमान वाकवून बघा, ती हलता कामा नये. ही तपासणी मी प्रत्येक जोडाची करते, कितीही महाग असला तरी.

परवडत नाही म्हणून इथे बनवून घ्यायचा विचार असेल तर मुंबईत चेंबूर-कुर्ल्याकडच्या ठक्करबाप्पा कॉलनीत कसबी कारागीर आहेत. त्यांना डिझाइनचा फोटो दाखवून थांबू नका. फर्मा, म्हणजे ज्या पायाच्या साच्यावर बूट बांधतात तो, किती इंच टाचेचा आहे हे विचारा. चार इंच उताराचा बूट चार इंची फर्म्यावरच बांधला पाहिजे. दोन इंची फर्म्यावर बूट बांधून खाली उंच टाच ठोकली की तो पुढे कलतो, टाचेचं टोक जमिनीवर सपाट बसत नाही आणि माणूस कायम उतरणीवरून घसरल्यासारखा चालतो. याच कारणासाठी तयार बुटाची टाच मोच्याकडून दोन इंच कापून घेण्याचा बेतही सोडा. सेंटिमीटरभर कापता येते, त्यापुढे सगळा तोल बिघडतो.

जेलच्या गाद्यांवर फार भरवसा ठेवू नका. त्या वजन थोडं पसरवतात, पण जाडीही घेतात आणि आधीच घट्ट बुटात बोटांना जागा उरत नाही. एक छोटी गोष्ट मात्र खरंच उपयोगी पडते: बदामाच्या आकाराची चवड्याची उशी. बहुतेक जण ती दुखतं तिथेच, चवड्याच्या हाडांखाली, चिकटवतात. ती त्या हाडांच्या मागे, टाचेच्या बाजूला बसली पाहिजे, म्हणजे ती मधला भाग उचलते आणि हाडांवरचा भार कमी होतो. जागा शोधायची तर चवड्याला लिपस्टिकचा ठिपका लावा, पाय बुटात घालून उभ्या राहा, आणि आतल्या ठशाच्या मागे उशी चिकटवा. बधिर करणारा स्प्रे किंवा बोटं एकत्र बांधणं असले उपाय सुचवले जातात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. वेदना लपली की पाय कधी थांबायचं ते सांगू शकत नाही.

सराव हा सगळ्यात मोठा भाग, आणि तुमच्याकडे त्यासाठी वेळ आहे. पहिला आठवडा बूट न घालताच: रोज एका पायावर उभं राहणं, आधी डोळे उघडे, मग मिटून, आणि जिन्याच्या पायरीवर चवड्यांनी वर-खाली. मग बूट घालून स्वयंपाकघराच्या ओट्याला धरून नुसतं उभं राहा, वजन एका पायावरून दुसऱ्यावर न्या. दहा मिनिटं पुरेत. ते सहज जमलं की पॅसेजमध्ये चाला. प्लॅटफॉर्मचा तळ वाकत नाही, त्यामुळे नेहमीसारखा पाय चवड्यावरून लोळवता येत नाही. गुडघा किंचित मोकळा ठेवून पाऊल मांडीतून उचला, पावलं आखूड टाका, आणि टाच व तळ जवळजवळ एकदमच टेकवा. नजर दहा फुटांवर, पायाकडे नाही. बूट काढल्यावर लगेच पोटऱ्या ताणा: भिंतीला हात, एक पाय मागे, टाच जमिनीला. हे चुकवलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी सपाट चालणंच दुखेल. शेवटच्या दोन आठवड्यांत पूर्ण वेशात, मुकुट आणि झग्यासकट चाला. झगा टाचेत अडकतो की नाही, ते तेव्हाच कळतं.

नव्या तळव्यांना गुळगुळीत चकाकी असते. मॉल आणि हॉलच्या टाइल्सवर ती जीवघेणी ठरते. पॉलिश पेपरने तळ खरखरीत करा किंवा मोच्याकडून पातळ रबराचा पत्रा चिकटवून घ्या. जिना चढताना पूर्ण तळ पायरीवर मावला पाहिजे, उतरताना आडवं होऊन कठडा धरून उतरा. सरकता जिना टाळून लिफ्ट घ्या.

कार्यक्रमाच्या दिवशी बूट पिशवीत न्या, लोकलमध्ये किंवा रिक्षात पायात नको. तिथे पोचल्यावर घाला, तासाभराने बसून काढा, बोटं हलवा, बरोबर नेलेल्या सपाट चपलांवर फिरा, फोटोच्या वेळी पुन्हा चढवा. आणि सोबत एक माणूस हवाच. पंधराव्या-सोळाव्या शतकात व्हेनिसच्या श्रीमंत बायका शोपीन नावाचे उंच खडावांसारखे जोडे घालत, त्यातले काही अर्धा मीटर उंच होते, आणि त्या दासीच्या खांद्यावर हात ठेवूनच चालत. मैत्रिणीचा हात धरून चाललात तर त्यात कमीपणा काही नाही. पडण्याचीही तयारी ठेवा. 1993 मध्ये पॅरिसला ब्रिटिश फॅशन डिझायनर व्हिव्हियन वेस्टवूडच्या शोमध्ये नेओमी कॅम्पबेलसारखी मॉडेल उंच प्लॅटफॉर्मवरून रॅम्पवर कोसळली, खाली बसली आणि हसली. तोल गेलाच तर सरळ हातांवर पडू नका, मनगट मोडतं. गुडघे वाकवा आणि कुशीवर, नितंबावर बसत खाली या. घरी गादीवर हे करून बघा.

कुणी हे बूट घालूच नयेत तेही सांगते. गेल्या काही महिन्यांत घोटा मुरगळला असेल, मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झाली असेल, अंगठ्याचं हाड बाहेर आलं असेल, कंबर किंवा गुडघ्याचं दुखणं असेल, किंवा दिवस गेलेले असतील तर आधी डॉक्टरांना विचारा आणि ते नाही म्हणाले तर वाद घालू नका. सरावात बोटांना मुंग्या आल्या किंवा तिसऱ्या-चौथ्या बोटामध्ये खडा टोचल्यासारखं वाटलं तर तिथेच थांबा. तिथली नस दाबली जात असते.

तर निवड अशी: पहिला पर्याय, जमलं तर रुंद टाचेत, स्वतःच्याच नंबराचा, खरी लेस असलेला, आणि तोही भिंतीजवळचं माप पाच इंच आलं तरच.

राहिला वापरलेल्या बुटांचा प्रश्न. बूट कुणी किती वेळा घातले यापेक्षा ते कुठे ठेवले होते ते विचारा. असे बहुतेक बूट पीयूचे, म्हणजे आपण ज्याला रेक्झिन म्हणतो त्याचे असतात, आणि मुंबई-कोकणातल्या दमट हवेत पीयू आतून विरत जातं. माळ्यावर प्लास्टिकच्या पिशवीत दोन पावसाळे काढलेला बूट बाहेरून नवा दिसतो आणि पहिल्याच वापरात तळ सुटतो किंवा वरचा थर पापुद्र्यांनी निघतो. मैत्रिणीकडे जाऊन बूट बघा, घडीच्या जागी नखाने हलकेच खरवडा, प्लॅटफॉर्मच्या कडेला बोट दाबा. चिकट लागलं किंवा भुगा निघाला तर फुकटही घेऊ नका. आणि तिचा पाय तुमच्यापेक्षा जड असेल तर आतली गादी तिच्या चवड्याच्या आकाराने बसलेली असणार, ती मोच्याकडून बदलून घ्या. दोन-तीनशे रुपयांचं काम आहे, ते सरावाला सुरुवात करण्याआधी करा.